केळी, केयी आणि टोमॅटो : पदार्थांच्या नावांच्या उच्चारांवरून वाद का होतात

चंपाषष्ठीच्या आसपास यावल-रावेरच्या पट्ट्यात शेतोशेती भरिताचे बेत होतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर मोठी हिरवी वांगी भाजायची, साले काढायची आणि लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचायची, ही रीत तिथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. अशाच एका बेताला पुण्याहून आलेली माझी दहा वर्षांची भाची शेतात होती. माझी आत्या जाळापाशी बसून तिला म्हणाली, "केयीचं पान आन, बाई." भाचीने पान आणले आणि अगदी सरळ मनाने सांगितले, "आत्याआजी, केयी नाही, केळी. आणि आन नाही, आण." आत्या काही बोलली नाही. मात्र त्यानंतर संध्याकाळपर्यंत ती त्या मुलीशी जपून, शब्द निवडून बोलत राहिली आणि तिच्या बोलण्यातला एरवीचा मोकळेपणा मला कुठे दिसला नाही.

त्या मुलीला दोष देण्यात अर्थ नाही, कारण शाळेत जे शिकवले जाते तेच ती बोलली. पण "शुद्ध उच्चार कोणता?" या एका प्रश्नात प्रत्यक्षात तीन-चार निरनिराळे प्रश्न गुंतलेले असतात आणि ते सुटे केले नाहीत तर वाद कधीच मिटत नाही. खाण्याच्या वस्तूंवरून हे वाद सर्वांत जास्त होतात, कारण ही नावे रोज तोंडात असतात आणि ती आपण पुस्तकातून नव्हे तर चुलीपाशी शिकलेलो असतो. त्यामुळे कोणी त्यांना चूक म्हटले की ते आपल्या घरालाच लागते.

आधी केळीचेच पाहू. खानदेशात मुख्यतः दोन बोली आहेत. धुळे, नंदुरबार, जळगावचा पश्चिम भाग आणि नाशिकचा बागलाण या पट्ट्यात अहिराणी बोलली जाते, तर जळगावच्या पूर्वेकडे भुसावळ, यावल, रावेर या भागात लेवा गणबोली चालते. या दोन्ही बोलींत अनेक बाबतींत अंतर आहे, पण एक गोष्ट दोघींत सारखी आहे, ती म्हणजे प्रमाण मराठीतल्या 'ळ'च्या जागी येणारा 'य'. केळी म्हणजे केयी, पोळी म्हणजे पोयी, गूळ म्हणजे गूय, तांदूळ म्हणजे तांदूय, आणि कळण्याची भाकरी ही अहिराणीत कयनानी भाकर होते. गावांची नावेही सुटत नाहीत. जळगाव हे जयगाव होते आणि धुळे हे धुये होते. शेजारच्या वऱ्हाडातही केयी हाच उच्चार ऐकू येतो.

हा बदल कसा घडतो हे स्वतःच्या तोंडात तपासून पाहता येते. 'ळ' म्हणताना जिभेचे टोक मागे वळते, टाळूच्या कडक भागाला क्षणभर टेकते आणि पुढे सुटते, आणि त्या वेळी हवा जिभेच्या बाजूंनी बाहेर पडते. आता टोक टेकवूच नका आणि जिभेचा मधला भाग टाळूकडे नुसता उचला. जो ध्वनी निघेल तो 'य'च्या अगदी जवळचा असेल. म्हणजे 'ळ' आणि 'य' लिपीत एकमेकांपासून दूर दिसत असले तरी तोंडात ते शेजारी आहेत. जगातल्या इतर भाषांतही ही वाट मळलेली आहे. स्पॅनिश भाषेत जोडून येणारे दोन 'ल' पूर्वी 'ल्य'सारखे उच्चारले जात, आणि आज बहुतेक स्पॅनिश भाषक तिथे 'य' किंवा त्याच्या जवळचा ध्वनी उच्चारतात. मेक्सिकोतल्या मक्याच्या भाकरीचे नाव लिहिताना दोन 'ल' येतात, पण तिला तोर्तिया म्हणतात आणि जगभरचे हॉटेलवाले तो उच्चार आटापिटा करून शिकतात. तोच बदल यावलच्या बाईच्या तोंडून आला की त्याला गावंढळपणा म्हटले जाते, हे मला समजत नाही.

'ण'चेही तसेच आहे. पाणी म्हणजे पानी, लोणी म्हणजे लोनी, शेंगदाणे म्हणजे शेंगदाने. ज्या कवयित्रीचे नाव जळगावच्या विद्यापीठाला दिले आहे, ते आपण पाटीवर बहिणाबाई असे 'ण' घालून लिहितो, पण त्यांच्या स्वतःच्या असोद्याच्या बोलीत ते नाव बहिनाबाई असेच उच्चारले जाते.

इथे चूक आणि नियम यांतला फरक नीट लक्षात घ्यायला हवा. एखाद्याची जीभ एखाद्या दिवशी अडखळली आणि त्याने केळीला भलतेच काही म्हटले, तर ती चूक झाली. पण हजारो माणसे, एकमेकांना न विचारता, शेकडो शब्दांत, ठरावीक जागी ठरावीक बदल करतात तेव्हा त्याला चूक म्हणता येत नाही. तो त्या बोलीचा ध्वनिनियम असतो. भाषेचे अभ्यासक बोलींकडे असेच पाहतात. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांनी केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ साली निघाला, पण खानदेशी त्यात नाही. ती १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली भाषांबरोबर आहे. ही मांडणी सर्वांना मान्य आहे असे नाही, आणि खानदेशी ही मराठीची बोली की वेगळी भाषा या वादात मी इथे शिरत नाही. पण २०११च्या जनगणनेत खानदेशी या नावाखाली सुमारे १८ लाख ६० हजार लोकांची नोंद झाली, एवढे सांगितले तरी हा काही घरांचा उच्चारदोष नाही हे स्पष्ट होते.

आता शेवभाजीकडे येऊ. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या दोन्ही बाजूंना ढाबे आहेत आणि त्यांच्या फलकांवर कुठे शेवभाजी तर कुठे सेवभाजी असे लिहिलेले दिसते. उत्तरेकडून आलेला ट्रकचालक सेव म्हणतो, गुजरातकडून आलेलाही सेवच म्हणतो आणि गल्ल्यावर बसलेला खानदेशी माणूस शेव म्हणतो. या 'श'मागे मराठीच्या इतिहासातली एक फार सुंदर गोष्ट आहे. संस्कृतातले श, ष आणि स हे तीन ध्वनी महाराष्ट्री प्राकृतात एकाच 'स'मध्ये मिसळून गेले. पुढे मराठी घडत असताना त्या 'स'नंतर इ किंवा ए आला की त्याचा 'श' झाला आणि इतर स्वर आले की बहुधा तो 'स'च राहिला. म्हणून हिंदीत सेव, सेवई, सिंघाडा आणि सीझना आहेत, तर आपल्याकडे शेव, शेवया, शिंगाडा आणि शिजणे आहे. उलट ज्या शब्दांत संस्कृतात स्पष्ट 'श' होता, पण पुढे अ किंवा आ होता, तिथे मराठीने 'स' ठेवला. शर्करेची साखर झाली आणि शालीची साळ झाली. फारसीतून आलेल्या शरबताचेही आपल्याकडे सरबत झाले. म्हणजे जी मराठी जीभ सेवची शेव करते, तीच शरबताचे सरबत करते, आणि दोन्हींमागे एकच सवय आहे. नियमाला अपवाद आहेत, पण ही चौकट हाताशी असली की कितीतरी शब्दांचा उलगडा होतो.

साबुदाण्याला अनेक घरांत शाबुदाणा म्हणतात, त्याचा उलगडा मात्र या नियमाने होत नाही. मलय भाषेतल्या सागू या शब्दापासून पुढे आलेल्या या नावात 'श' नव्हताच. माझ्या मते इथे शुद्धतेची धास्ती काम करते. "श च्या जागी स म्हणू नकोस" असे लहानपणी वारंवार ऐकलेला माणूस जिथे खरोखरच 'स' आहे तिथेही सावधगिरीने 'श' बसवतो. बोलणाऱ्याला सारखे दुरुस्त केले की त्याची भाषा सुधारण्याऐवजी अशी घाबरून वाकडी होते, हे मी जवळून पाहिले आहे. माझ्या स्वतःच्या वर्गात मास्तरांनी एका मुलाला "पोयी" म्हटल्याबद्दल फळ्यावर पन्नास वेळा पोळी लिहायला लावले होते. त्यानंतर तो मुलगा वर्गात खाण्याच्या वस्तूंची नावे घेणेच टाळू लागला.

आणखी एक गोंधळ लिपीमुळे होतो. आपली देवनागरी जशी लिहितो तशी वाचतो, असे आपण अभिमानाने सांगतो, पण मराठीपुरते ते पूर्ण खरे नाही. 'च' हे अक्षर घ्या. चिंच या छोट्याशा शब्दात दोन 'च' आहेत आणि ते वेगळे उच्चारले जातात. पहिला 'चिवडा'तल्यासारखा तालव्य आहे आणि शेवटचा 'चव'मधल्यासारखा दंततालव्य, म्हणजे जीभ दातांमागे टेकवून काढलेला. भाजीतला 'ज' आणि भाजणीतला 'ज' यांतही हाच फरक आहे. लिपी हा फरक दाखवत नाही. आपण तो कानाने शिकतो, आणि म्हणून पुस्तकातून मराठी शिकलेल्या माणसाला चूल आणि चाळणी म्हणताना अडखळावे लागते. वांगे हा शब्द आपण असा लिहितो, पण म्हणताना वांगं म्हणतो. १९६२ साली शासनाने स्वीकारलेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनीही संभाषणात असे अनुस्वाराचे रूप लिहायला मुभा ठेवली आहे. त्याच नियमांमुळे आपण भरीत हा शब्द दीर्घ 'री'ने लिहितो, पण भरिताचे वांगे लिहिताना तीच 'रि' ऱ्हस्व करतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळाले, आणि तेव्हापासून पिशव्यांवर, फलकांवर ही नावे पूर्वीपेक्षा अधिक दिसतात, कधी ऱ्हस्व तर कधी दीर्घ. हा लेखनाचा प्रश्न आहे आणि त्याला नियमपुस्तकात उत्तर आहे. उच्चाराचा प्रश्न त्या पुस्तकाने सुटत नाही, कारण ते पुस्तक त्यासाठी लिहिलेलेच नाही. केळी असे लिहून केयी असे म्हणणारा माणूस कोणताही नियम मोडत नसतो.

आता परक्या नावांकडे वळू, कारण भांडणाची खरी गंमत नव्हे, खरी गुंतागुंत तिथे आहे. खानदेशातल्या आठवडी बाजारात टमाटे मिळतात. शहरातला शिकलेला माणूस त्याला टोमॅटो म्हणतो आणि टमाटे हा शब्द अडाणी समजतो. पण हे फळ मूळचे अमेरिका खंडातले आहे. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत त्याच्यासाठी जो शब्द होता त्यावरून स्पॅनिशमध्ये तोमाते झाला आणि तिथून तो इंग्रजीत गेला. इंग्लंडमध्ये आज त्याचा उच्चार साधारणपणे टमाटो असा होतो आणि अमेरिकेत टमेटो असा होतो. या दोन देशांतले लोक आपसांत या उच्चारावरून वाद घालतात. पण "मॅ" असा उच्चार या दोन्हींपैकी कुठेच नाही. तो आपण रोमन अक्षरांवरून, इंग्रजी 'ए' पाहून तयार केला. म्हणजे ज्या टोमॅटोच्या जोरावर आपण टमाट्याला हसतो, तो टोमॅटो इंग्रजालाही ओळखू येणार नाही, आणि टमाटेतला "मा" मात्र इंग्लंडच्या उच्चाराच्या अधिक जवळ आहे. मी टोमॅटो या शब्दाला चूक म्हणत नाही. तो आता मराठी शब्द आहे आणि त्याचा मराठी उच्चार तोच आहे. पण टमाटेही तितकाच मराठी शब्द आहे.

पिझ्झाचे उदाहरण याहून बोलके आहे. इटालियन भाषेत या पदार्थाला पित्सा म्हणतात आणि इंग्रजी बोलणारेही त्यात 'त्स'च उच्चारतात. आपण रोमन लिपीतली दोन 'झेड' पाहिली आणि 'झ्झ' केले. यातली खेदाची बाब अशी की 'त्स'च्या अगदी जवळचा ध्वनी मराठीत आधीपासून आहे. तो म्हणजे वर सांगितलेला चवीतला 'च'. हिंदी भाषकाला जो ध्वनी प्रयत्नाने शिकावा लागेल, तो आपण दिवसभर चूल, चव, चाळणी म्हणताना काढतो, आणि तरीही लिपीने आपल्याला दुसऱ्याच वाटेने नेले. डोशाचेही असेच झाले. तमिळ आणि कन्नडमध्ये त्याचा पहिला ध्वनी दंत्य आहे, कन्नडमध्ये तो दोसे होतो. रोमन 'डी'वरून द की ड हे कळत नाही, म्हणून आपल्याकडे 'ड' रुजला. गावात एखादे वयस्कर माणूस दोसा म्हणते तेव्हा नातवंडे त्याला सुधारतात, पण मूळ उच्चाराच्या जवळ तेच माणूस असते. शेजवानच्या बाबतीत तर चीनमधल्या सिचुआन प्रांताचे नाव ओळखू येणार नाही इतके बदलले आहे आणि ते कोणालाच खटकत नाही.

शब्द प्रवास करतात तेव्हा ते कोणत्या वाटेने आले यावर त्यांचा उच्चार ठरतो, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण चहाचे आहे. चिनी भाषेच्या बहुतेक बोलींत त्याला 'चा' म्हणतात, पण चीनच्या फूच्येन किनाऱ्यावरच्या बोलीत त्याला 'ते' म्हणतात. डच व्यापाऱ्यांनी तो माल त्या किनाऱ्यावरून नेला म्हणून इंग्रजीत टी आले. जो शब्द खुष्कीच्या मार्गाने फारसीपर्यंत पोहोचला तो चाय झाला आणि हिंदीत आला. मराठीने चहा केला, खेड्यात तो च्या झाला. यांतला कोणता शुद्ध, हा प्रश्नच विचारता येत नाही. फक्त कोणता कुठून आला, एवढेच सांगता येते.

मग शुद्ध उच्चार असे काही नसतेच का, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. असते, पण ते प्रसंगाशी बांधलेले असते. आकाशवाणीवर बाजारभाव सांगणाऱ्या निवेदकाने केळी म्हणावे हे योग्यच आहे, कारण तो नंदुरबारपासून सावंतवाडीपर्यंत सर्वांशी बोलतो आणि त्याच्यासाठी सर्वांना ठाऊक असलेले एक सामायिक रूप हवे. मुलांना शाळेत ते रूप शिकवले पाहिजे, आणि नीट शिकवले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी हरकत एका गोष्टीला आहे. ते शिकवताना घरातले रूप पुसून टाकायला सांगू नये. एकाच मुलाच्या तोंडात केळी आणि केयी दोन्ही सुखाने राहू शकतात, आणि कोणाशी बोलताना कोणते वापरायचे हे मुले फार लवकर ओळखतात. ज्या मुलाला हे अंतर समजावून सांगितले जाते त्याला प्रमाण मराठीतला 'ळ'ही लवकर साधतो, कारण कोणता 'य' बदलायचा आणि कोणता नाही हे त्याला कळते. मायचे माळ होत नाही आणि गायीची गाळ होत नाही, हे त्याला एकदा सांगावे लागते इतकेच.

यात एक बारकावा असा आहे की तो दिसला म्हणजे आत्याच्या बोलीबद्दल मनात केवळ आदर उरतो. खानदेशी जीभ 'ळ'चा 'य' करते, पण 'ल'ला हात लावत नाही. लसूण हा लसूनच राहतो, त्याचा यसून होत नाही. वाल हे वालच राहतात. म्हणजे जे लोक 'ळ' हा ध्वनी कधीच उच्चारत नाहीत, त्यांनाही कोणत्या शब्दात 'ळ' होता आणि कोणत्यात 'ल' होता हे अचूक ठाऊक असते. हिंदीत हा फरक पुसला गेला आहे. तिथे दाल, फल आणि तेल यांतला 'ल' एकच आहे. आपण डाळ आणि फळ म्हणतो, पण तेल म्हणतो, आणि खानदेशात दाय आणि फय म्हणतात, पण तेलच म्हणतात.

तेलात 'ल' का राहिला याचे उत्तर प्राकृतात आहे. दोन स्वरांमध्ये एकटा आलेला जुना 'ल' मराठीत 'ळ' झाला. संस्कृत तिल म्हणून आपला तीळ झाला. तैल हा शब्द तिलापासूनच बनलेला, पण प्राकृतात त्याचे तेल्ल असे जोड 'ल'चे रूप झाले होते. जोड 'ल' 'ळ' होण्यापासून वाचला आणि पुढे त्याचा साधा 'ल' झाला. एकाच धान्यापासून आलेले हे दोन शब्द म्हणून मराठीत वेगळ्या अक्षरांनी संपतात.

गेल्या संक्रांतीला भाची पुन्हा आली होती. आत्या लाडवांसाठी तीळ निवडत बसली होती आणि फोडणीच्या वासावरून दोघींचे बोलणे निघाले. आत्या म्हणाली की तिच्या लहानपणी घरात तियाचं तेल असायचं. मुलगी क्षणभर थांबली. मी म्हटले, आता ही पुन्हा सुधारणार. पण तिने विचारले, "आत्याआजी, तिळाला तू तीय म्हणतेस, मग तेलाला तेय का नाही म्हणत?" आत्याने हातातले सूप खाली ठेवले, तिच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "तेलाले तेय कोन म्हनीन, बाई? ते तेलच ऱ्हाते."